कॉलेज कोणाचें आणि खर्च कोणाचा?

मे महिना सरून जून लागला, कीं आमच्या ओसरीवर वर्दळ वाढूं लागते. बारावीचा निकाल लागलेला असतो, सामायिक प्रवेशपरीक्षेचे गुण हातीं येऊं घातलेले असतात, आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी ना कोणी आपल्या मुलास किंवा मुलीस पुढें घालून येतो. नमस्कार होतो, सरबत होतें, आणि मग प्रश्न येतो, "मास्तर, कोणतें कॉलेज चांगलें तें सांगा." पूर्वीं आम्ही ह्या प्रश्नास ताबडतोब एखाद्या संस्थेचें नांव सांगून मोकळे होत असूं. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपल्यास आलेंच पाहिजे, ही जी शिक्षकाची जुनी खोड, तिचाच तो प्रकार होता. हल्लीं आम्ही उलट विचारतों, "घरांत ह्याच्या मागें अजून कितीजण शिकावयाचे आहेत?" हा प्रश्न ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. तो आम्हांस कसा सुचला, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमच्या नाशकांत एके काळीं निवडीचा प्रश्नच नव्हता. मॅट्रिक झालेल्या मुलास पुढें शिकावयाचें तर पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें, परंतु तेथें मुलगा ठेवण्याची ऐपत किती घरांत होती? पुढें १९१८ सालीं स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ सालीं नाशकांत कॉलेज सुरू केलें, आणि तेंच हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. कविवर्य कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, ह्याच कॉलेजचे विद्यार्थी. १९५७ सालीं भिकुसा यमासा क्षत्रिय वाणिज्य महाविद्यालय निघालें. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ सालचा. त्यानें १९६९ सालीं गंगेच्या कांठीं के. टी. एच. एम. महाविद्यालय काढलें. १९८४ सालीं के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय आलें, १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलें, आणि १९९८ सालीं आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशकांतच स्थापन झालें. आमच्या वडिलांच्या वेळीं मुलगा कॉलेजास साजेल कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असे. आतां कॉलेज मुलास साजेल कीं नाहीं हें पाहण्याची वेळ आली आहे. सोय वाढली, तशी चूक करण्याची संधीही वाढली. ती चूक आम्हीं स्वतः केली आहे.

आम्ही तिघे भाऊ. घर एक, चूल एक आणि तिजोरीही एकच. २००६ सालीं मधल्या भावाचा मुलगा बारावी झाला. ह्या मुलाच्या हातांत उपजतच कसब होतें. शाळेच्या सुट्ट्या तो सातपूरच्या एका ओळखीच्या कारखान्यांत लेथपाशीं उभा राहून काढीत असे, आणि घरांतील बिघडलेलें एकही यंत्र त्यानें दुरुस्त केल्यावांचून सोडलें नव्हतें. परंतु त्या वर्षीं आळींतील चार मुलें संगणक अभियांत्रिकीस जात होतीं. दूरच्या एका शहरांतील एका खासगी कॉलेजचें गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक आमच्या हातीं आलें. त्यांत संगमरवरी पायऱ्या होत्या, कारंजें होतें आणि मोठमोठ्या पगारांचे आंकडे होते. रात्रीं जेवणें झाल्यावर तिघे भाऊ पाटावर बसलों. हिशेब मांडला तो पहिल्या वर्षाच्या फीचा. आम्हीं थोरलेपणाच्या अधिकारानें निकाल दिला, "नांव मोठें आहे. पाठवा." मुलास काय हवें, हें कोणी विचारलें नाहीं, आणि वडीलधाऱ्यांपुढें तोही बोलला नाहीं.

पहिल्या वर्षाच्या फीमागून वसतिगृह आलें, खानावळ आली, दर सहा महिन्यांची परीक्षा-फी आली, जाण्यायेण्याचें भाडें आलें. मुलाचे विषय राहूं लागले. चार वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांनीं पुरा झाला. बँकेंतील दोन ठेवी मुदतीपूर्वींच मोडल्या, आणि आमच्या वहिनींच्या पाटल्या ज्या गहाण गेल्या त्या सुटून यावयास पुष्कळ काळ लागला. तो मुलगा आज अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्वतःचा लहानसा कारखाना चालवितो, चार माणसांस काम देतो, आणि सुखी आहे. परंतु एकदां तो सहज बोलून गेला, "अण्णा, दहावीनंतर तंत्रनिकेतनांत घातलं असतंत, तर तीन वर्षांत पदविका झाली असती, आणि वाटलं असतं तर तिथूनच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेलो असतो." पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षास प्रवेश मिळण्याची ही वाट तेव्हांही होती. आम्ही ती पाहिली नाहीं. कारण तंत्रनिकेतन ह्या शब्दांत आम्हांस प्रतिष्ठा दिसत नव्हती.

येथवरची गोष्ट थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांत घडली असेल. आमच्या मनास खरी बोंच लागली ती दोन वर्षांनंतरच्या गोष्टीची. २००८ सालीं धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली. तिला चुलतभावाहून बरेच अधिक गुण होते. औषधनिर्माणशास्त्र शिकावें असें तिच्या मनांत होतें. तशी तिनें चौकशीही केली होती. पुन्हां रात्रीं बैठक बसली. ह्या वेळीं कोणीच कांहीं बोलेना. आम्ही वहीची पानें उगाच मागेंपुढें करीत होतों. तेवढ्यांत ती पोर माजघराच्या दारांत येऊन म्हणाली, "मला बी. एस्सी. चालेल, अण्णा. इथलंच कॉलेज बरं." सर्वांनीं मोकळा श्वास घेतला. आम्हीं तर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हटलें, "पोर मोठी समजूतदार आहे हो!"

तिनें बी. एस्सी. केलें, एम. एस्सी. केलें, आणि आज ती रसायनशास्त्र शिकविते. विद्यार्थी तिला मानतात. म्हणून आमच्या मनांत त्या रात्रीविषयीं कांहीं सल नव्हता. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं बोलण्याच्या ओघांत आम्हीं तिच्या समजूतदारपणाचें पुन्हां कौतुक केलें, तेव्हां आमच्या सौ. शांतपणें म्हणाल्या, "ती समजूतदार म्हणून गप्प बसली नाहीं. माजघरांत ताटं पुसतांना तिला तुमचा हिशेब ऐकूं येत होता."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आमची स्वतःची मॅट्रिक आठवली. जुन्या अकरावीची ती परीक्षा; संस्कृतांत चांगले गुण मिळाले होते, आणि कॉलेजांत जाऊन काव्यशास्त्र शिकावें अशी फार इच्छा होती. वडिलांनीं एवढेंच म्हटलें, "तूं थोरला." आम्ही अध्यापनाचें शिक्षण घेऊन शाळेंत लागलों, आणि त्या पगारावर दोघे भाऊ पदवीधर झाले. ह्याचें आम्हांस दुःख नाहीं, अभिमान आहे. परंतु आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें, ही गोष्ट आम्ही जन्मभर लक्षांत ठेवली, आणि तीच गोष्ट आम्हीं त्या मुलीच्या बाबतींत केली. एकत्र कुटुंबांत एकाच्या कॉलेजची फी पुष्कळदां दुसऱ्याच्या कॉलेजांतून वजा होते. ती वजाबाकी वहींत कोठेंच लिहिलेली नसते.

ह्या अनुभवावरून आम्हीं कांहीं नियम बांधले आहेत. ते वाचकांस उपयोगी पडतील ह्या आशेनें येथें देतों.

पहिला विचार कामाचा. 'इंजिनिअर व्हावयाचें आहे,' 'वकील व्हावयाचें आहे,' असें मुलें म्हणतात, तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें पदवी असते. त्या पदवीनंतर सकाळीं उठून रोज काय करावयाचें असतें, त्याचें चित्र नसतें. म्हणून सुट्टींत मुलास चार दिवस ओळखीच्या वकिलाबरोबर कोर्टांत बसूं द्यावें, कारखान्यांत उभें राहूं द्यावें, औषधाच्या दुकानांत किंवा हिशेबतपासनिसाच्या कचेरींत पाठवावें. नाशिककरांपुढें तर घरचेंच उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. विद्वान् शास्त्र्याच्या ह्या मुलानें हातास जें शिकावयाचें होतें, तें जेथें शिकवीत तेथें जाऊन शिकून घेतलें; १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट झाला, त्यामागें ही चित्रकलेची व छायाचित्रणाची तयारी होती.

दुसरा विचार संस्थेचा. माहितीपत्रक बाजूस ठेवून आधीं तीन गोष्टी पाहाव्या: संस्था कोणत्या विद्यापीठाशीं संलग्न आहे, तिला संबंधित परिषदेची मान्यता आहे काय, आणि तिचें मूल्यांकन काय झालें आहे. नॅकची श्रेणी ही सबंध महाविद्यालयाची असते. तांत्रिक शिक्षणांत एन. बी. ए.चें मानांकन त्या त्या शाखेपुरतें असतें. म्हणून कॉलेजास श्रेणी चांगली आहे, एवढ्यावर आपल्या शाखेविषयीं निर्धास्त राहूं नये. नोकऱ्यांच्या जाहिरातींत सर्वांत मोठा पगार छापलेला असतो. आपण विचारावें, शंभर मुलें पास झालीं त्यांपैकीं कितीजणांस काम मिळालें, आणि मधोमध उभ्या असलेल्या मुलास किती पगार मिळाला? शक्य तर एखाद्या साध्या मंगळवारीं किंवा बुधवारीं, कोणास न कळवितां, कॉलेजांत जाऊन यावें. ग्रंथालयांत मुलें बसलीं आहेत काय, प्रयोगशाळेचीं कुलुपें उघडीं आहेत काय, आणि मधल्या वर्गांतील विद्यार्थी शिक्षकांचीं नांवें सांगूं शकतात काय, एवढें पाहिलें तरी पुष्कळ कळतें.

तिसरा विचार पैशाचा, आणि तेथें आमच्यासारख्या घरांत फार भिडस्तपणा चालतो. खर्च पहिल्या वर्षाचा मांडूं नये. पदवी हातीं पडेपर्यंतचा मांडावा. फी, राहणें, जेवण, प्रवास, पुस्तकें व उपकरणें अशीं निराळीं खातीं पाडावीं, आणि एक वर्ष वाढलें तर काय, हेंही शेवटीं लिहावें. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरविण्यासाठीं २०१५ च्या कायद्यान्वयें शुल्क नियामक प्राधिकरण आहे. त्यानें कोणत्या कॉलेजास किती फी मंजूर केली, तें त्याच्या संकेतस्थळावर पाहतां येतें. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत कधीं कधीं एकाच इमारतींत अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असतात, आणि त्यांच्या फींत मोठें अंतर असतें. अर्ज करतांना आपण कोणत्या तुकडीचा करीत आहों, हें विचारून घ्यावें.

सरकारी सवलती घेण्यांत कमीपणा मानणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. तो मानूं नये. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनें आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीं १० टक्के जागा ठेवण्याची तरतूद झाली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. येथें एकत्र कुटुंबांतील लोकांची एक गैरसमजूत होते. ह्या दाखल्यापुरतें कुटुंब म्हणजे विद्यार्थी, त्याचे आईबाप आणि अठरा वर्षांखालील भावंडें. चूल एक असली तरी काकाचा पगार त्यांत धरीत नाहींत. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरें अर्जच करीत नाहींत. त्याच मर्यादेंत बसणाऱ्यांस राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ति योजनेंतून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्काचा निम्मा भाग मिळतो; आणि २०२४ सालापासून दुर्बल घटकांतील मुलींस केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून प्रवेश मिळाला, तर शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ होतें. तांत्रिक महाविद्यालयांत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा शिक्षणशुल्क-माफीच्या असतात. परंतु त्या पसंतीच्या यादींत निराळ्या मागाव्या लागतात. दाखले मात्र निकालाआधींच काढून ठेवावे. तहसील कचेरीपुढें जूनमध्यें लागणारी रांग आम्हीं पाहिली आहे.

ज्यांचें उत्पन्न मर्यादेच्या जरा वर आहे, त्यांची अडचण खरी आहे; फीही पूर्ण भरावयाची आणि शिल्लकही बेताची. ते कर्जाकडे वळतात. कर्ज वाईट नाहीं, परंतु त्याचा हप्ता आधीं मुलासमक्ष मांडावा. सहा लाखांचें कर्ज दहा टक्के व्याजानें दहा वर्षांत फेडावयाचें म्हटलें, तर महिना सुमारें ७,९३० रुपये पडतात, आणि एकूण साडेनऊ लाखांवर रक्कम भरावी लागते. शिक्षण चालू असतांना सांठणारें व्याज ह्यांत धरलेलें नाहीं. त्या पदवीनंतर मिळणाऱ्या पहिल्या पगारांतून हा हप्ता देऊन मुलास राहतां जेवतां येईल काय, हें पाहावें. दुसरी वाट कष्टाची. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं कमवा आणि शिका हा मंत्र दिला. पुणें विद्यापीठाच्या कॉलेजांतून त्यांच्या नांवाची ही योजना आजही चालते. नोकरी करून शिकणाऱ्यास मुक्त विद्यापीठ तर आपल्या गांवींच आहे.

ह्या वर्षीं आमची नात बारावी झाली. तिला विद्युत अभियांत्रिकी शिकावयाची आहे. तिच्या मागें तिचा भाऊ नववींत आहे. जुन्या पद्धतीप्रमाणें रात्रीं बैठक बसली. परंतु ह्या वेळीं माजघराचें दार उघडें ठेवून सर्व स्त्रिया बाहेर येऊन बसल्या, आणि मुद्दाम बोलावलेली तिची आत्या, जिची गोष्ट वर सांगितली ती, वही घेऊन मध्यें बसली. घरांत किती शिल्लक आहे, किती ठेवी आहेत, आम्हां म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यास किती लागतें, आणि धाकट्याच्या शिक्षणास किती बाजूस ठेवलें पाहिजे, तें सर्व त्या दोन्ही मुलांसमक्ष वाचून दाखविलें. आम्हांस आधीं संकोच वाटला. मुलांपुढें घरची तिजोरी उघडावयाची नाहीं, हा आमच्या पिढीचा शिरस्ता. परंतु झांकलेली तिजोरी मुलें कान देऊन ऐकतात, हें आम्ही शिकलों होतों.

नातीनें आपल्या तीन संस्था निराळ्या कागदांवर मांडल्या होत्या. एक दूरची खासगी संस्था. ती तिच्या वडिलांस फार पसंत होती. दुसरें नाशकांतील कॉलेज. तिसरें पुण्याचें १८५४ सालापासून चालत आलेलें अभियांत्रिकी महाविद्यालय, जें २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालें आहे. खर्चाच्या रकान्याखालीं रेघ ओढून ती म्हणाली, "नाशिकचंच पहिल्या पसंतीला टाकते. घरून जाता येईल."

आम्ही "शहाणी" असें म्हणण्याच्या बेतांत होतों. तोंच तिची आत्या म्हणाली, "थांब. हें तुला हवं आहे, कीं परवडतं म्हणून हवं आहे?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. पोरीचे डोळे भरून आले. मग ती हळूच म्हणाली, "मिळालं तर पुणं हवं आहे. पण मिळेल कीं नाहीं ठाऊक नाहीं, आणि वसतिगृहाचा खर्च..." आत्यानें वही पुढें ओढली. पुण्याची फी, वसतिगृह व खानावळ मिळून चार वर्षांचा आंकडा आधींच मांडलेला होता. धाकट्याच्या नांवची रक्कम बाजूस काढूनही तो शिलकेंत बसत होता. बसला नसता, तर तसें त्या मुलीस स्पष्ट सांगितलें असतें, आणि तेंही तिला सोसलें असतें. दूरच्या खासगी संस्थेचा कागद मात्र तिच्या वडिलांनीं आपण होऊन मिटून ठेवला. त्या आंकड्यांत धाकट्याचा वांटा जात होता.

पसंतीची यादी भरण्याविषयीं येथें एक सांगून ठेवतों. मिळेल असें वाटतें तें वर आणि हवें तें खालीं, अशी यादी पुष्कळजण भितभीत भरतात. पहिल्या फेरींत पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें कीं ती निवड कायम होते. मग मागाहून पस्तावून उपयोग नसतो. वर मागितलें म्हणून खालचें हातचें जात नाहीं. म्हणून यादी आवडीच्या क्रमानेंच भरावी, आणि जें परवडणारच नाहीं तें त्यांत मुळींच घालूं नये. नातीनें पुणें पहिलें लिहिलें, नाशिक दुसरें.

यादी अजून लागावयाची आहे. पुणें मिळेल अथवा नाशिक मिळेल. दोन्हींचा आम्हांस आनंदच आहे. बैठक उठल्यावर आम्हीं पुतणीस एकटीस गांठून म्हटलें, "तेव्हां हा प्रश्न आम्हीं तुला विचारावयास हवा होता." ती हंसली आणि म्हणाली, "आतां विचारलात ना, अण्णा." मग ती ताटें घ्यावयास आंत गेली. आम्ही वही मिटून ठेवली, आणि बऱ्याच वेळानें दिवा मालवला.